अवधानाची उणीव आणि अफूचें व्यसन

मुंबईंत आणि तिच्या आसपासच्या प्रदेशांत 'गर्दुल्ला' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. १९८० नंतरच्या दशकांत 'ब्राउन शुगर' या नांवानें अशुद्ध हेरॉइन येथें पसरलें. लोकांनीं त्यास 'गर्द' म्हटलें आणि तें ओढणाऱ्यास गर्दुल्ला. शब्द रूढ झाला आणि त्याच्यासंगें एक मतही रूढ झालें: हा मनुष्य दुबळ्या मनाचा, याच्या अंगीं निश्चय नाहीं, यास घरादाराची चाड नाहीं. कुटुंबांतील माणसें असेंच समजतात, शेजारी असेंच बोलतात, आणि दुर्दैवाची गोष्ट ही कीं, रुग्ण स्वतःही अखेर असेंच मानूं लागतो. परंतु व्यसनाचा अभ्यास करणाऱ्या वैद्यांस एक गोष्ट दिसून आली आहे. अशा रुग्णांपैकीं कित्येकांच्या ठिकाणीं गर्दची पहिली पुडी हातांत येण्याच्या पुष्कळ आधींपासून, किंबहुना पाटी-पेन्सिलीच्या वयापासून, एक निराळाच विकार नांदत असतो. त्यास मराठींत अवधानन्यूनता म्हणतां येईल. डॉक्टर मंडळी त्यास इंग्रजी आद्याक्षरांवरून ए.डी.एच.डी. म्हणतात. हा विकार ओळखला न गेल्यास व्यसनाचा उपचार पुष्कळदां अर्ध्यावर मोडतो, आणि मोडल्याचें खापर रुग्णाच्या चारित्र्यावर फुटतें.

हा प्रश्न नवी मुंबईसारख्या शहरास दूरचा नाहीं. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन होऊन खाडीपलीकडील भातशेतीच्या आणि मिठागरांच्या प्रदेशांत हें नवें नगर आंखण्यांत आलें. मुंबईंतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानें वाशी-तुर्भें येथें आले. ठाणें-बेलापूर पट्ट्यांत कारखाने होतेच. १९८९ सालीं जवळच उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झालें. या बंदरांत अलीकडच्या वर्षांत हेरॉइनचे प्रचंड साठे पकडले गेले आहेत. ऑगस्ट २०२० मध्यें बांबूसारख्या रंगविलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत लपविलेलें १९१ किलो, जुलै २०२१ मध्यें टाल्कच्या दगडांच्या नांवाखालीं आलेलें सुमारें २९३ किलो, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें ज्येष्ठमधाच्या मुळ्यांवर लेप चढवून आणलेलें हेरॉइन सरकारी यंत्रणांच्या हातीं लागलें. बंदरावर जागता पहारा हवा, गल्लीबोळांतील विक्रेत्यावर कारवाई हवी, याविषयीं दुमत नाहीं. तथापि केवळ पुरवठ्याच्या विचारानें एका प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. एकाच नाक्यावरच्या दहा तरुणांनीं कुतूहलानें तोच धूर ओढला, तर त्यांतील कांहीं जण तेथेंच थांबतात आणि कांहीं जण त्यांत बुडतात. हा फरक कशामुळें पडतो?

प्रश्न किती माणसांचा आहे हेंही पाहावें. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें १० ते ७५ वर्षें वयाच्या भारतीयांपैकीं सुमारें २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींहून थोडे अधिक लोक, अफू, हेरॉइन किंवा अफूवर्गीय औषधें यांचें सेवन करीत होते. त्यांपैकीं सुमारें ७७ लाखांस त्यापासून अपाय होत होता किंवा ते त्याचे बंदे झाले होते. या ७७ लाखांपैकीं निम्म्याहून अधिक लोक ज्या आठ राज्यांत होते, त्यांत महाराष्ट्राचें नांव आहे. सगळेच कांहीं गर्द ओढणारे नाहींत. कोडीन घातलेलें खोकल्याचें औषध, वेदनाशामक म्हणून मिळणारी ट्रॅमॅडॉलची गोळी, हींही याच कुळांतलीं. ट्रॅमॅडॉलचा गैरवापर इतका वाढला कीं, एप्रिल २०१८ मध्यें सरकारास तें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणावें लागलें.

आतां अवधानन्यूनता म्हणजे काय तें पाहूं. मन चंचल असतें ही तक्रार जुनी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुनही तीच करितो. मग चंचलपणा हा मनुष्याचा स्वभावधर्म असतां त्यास रोग कां म्हणावें, अशी शंका साहजिक आहे. उत्तर असें कीं, फरक प्रमाणाचा, सातत्याचा आणि परिणामाचा आहे. ज्वर म्हणजेही उष्णताच, पण ती एका मर्यादेपलीकडे गेली आणि टिकून राहिली म्हणजे तिला ज्वर म्हणतात. अवधानन्यूनतेंत मनुष्यास लक्ष नसतें असें नाहीं. त्यास तें इच्छेप्रमाणें वळवितां येत नाहीं आणि धरून ठेवितां येत नाहीं. आवडीच्या गोष्टींत तो तासन्‌तास रमतो, आणि म्हणूनच घरचे लोक म्हणतात, "खेळांत बरें लक्ष लागतें, मग अभ्यासांतच कां नाहीं?" पण निरस, लांबणीचें, आज करून उद्यां फळ देणारें काम त्याच्या हातून निसटून जातें. त्याच्या जोडीला कित्येकांत अस्वस्थ हालचाल आणि उतावीळपणा असतो: प्रश्न पुरा होण्याआधीं उत्तर, रांगेत धीर न धरणें, विचार करण्याआधीं कृति.

हा विकार आधुनिक शहरांची देणगी आहे असाही एक समज आहे. तो खरा नाहीं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालींच अशा अस्थिर अवधानाचें वर्णन केलें होतें. १९०२ सालीं जॉर्ज स्टिल या बालवैद्यानें लंडनच्या व्यासपीठावरून अशा मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं. बुद्धि शाबूत असूनही स्वतःस आवरणें या मुलांस जमत नाहीं, हें त्यानें नोंदविलें. १९३७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅडली यांस असें दिसलें कीं, उत्तेजक समजलें जाणारें एक औषध दिलें असतां कांहीं दांडगीं मुलें उलट शांत होऊन अभ्यासास बसतात. १९८० सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत अवधानाच्या उणिवेस स्वतंत्र नांव मिळालें. फार काळ अशी समजूत होती कीं, मूल मोठें झालें म्हणजे हा विकार आपोआप जातो. पुढें निरनिराळ्या देशांतील मुलांचा प्रौढपणापर्यंत मागोवा घेतल्यावर ती चुकीची ठरली. पुष्कळांची धांवपळ कमी होते. विसराळूपणा, कामाची दिरंगाई आणि उतावीळपणा मागें राहतो. २०१३ सालच्या निदानग्रंथानें प्रौढांसाठीं लक्षणांची संख्या थोडी शिथिल केली. मात्र लक्षणें वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असलीं पाहिजेत अशी अट घातली. प्रौढांत याचें प्रमाण शेंकडा अडीच ते तीन धरतात. आनुवंशाचा भाग यांत मोठा आहे. म्हणून मुलाची तपासणी करतां करतां बापाच्या बालपणाचीही उकल झाली, असें पुष्कळदां घडतें.

हें सर्व प्रत्यक्ष आयुष्यांत कसें दिसतें? कोपरखैरणें येथील एखाद्या माथाडी कामगाराच्या मुलाची कल्पना करावी. शाळेंत त्याची वही नेहमीं अपुरी. कंपासपेटी दर महिन्यास हरवते. प्रगतिपुस्तकावर दरसाल एकच शेरा: हुशार आहे, पण लक्ष देत नाहीं. घरीं मार, शाळेंत बांकावर उभें राहणें. हळूहळू त्याची अशी खात्री पटते कीं, आपण आळशी आणि निकामी आहोंत. दहावीनंतर शाळा सुटते. बाजारांत हमालीचें काम, मग टेंपोवर, मग एखाद्या कारखान्यांत कंत्राटावर. कोठेंही सहा महिन्यांहून अधिक टिकाव नाहीं, कारण एकदां पाळी विसरली, एकदां मुकादमाशीं भांडण झालें. एके संध्याकाळीं सोबत्यांच्या टोळक्यांत पन्नीवरचा धूर तो ओढतो. इतरांस गुंगी येते. त्यास आणखी एक गोष्ट जाणवते. डोक्यांत अष्टौप्रहर चाललेली गडबड जन्मांत प्रथमच थांबते. असा हा मुलगा काल्पनिक आहे, परंतु असेंच वर्णन करणारे रुग्ण अनेक देशांतील वैद्यांस भेटले आहेत.

गर्दचें कार्य समजून घेतलें म्हणजे हें नवल राहत नाहीं. मेंदूंत अफूसारख्या द्रव्यांस ग्रहण करणारीं स्थानें आहेत, हें १९७३ सालीं सिद्ध झालें. आणि त्यानंतर लवकरच कळलें कीं, शरीर स्वतःच अफूसारखीं द्रव्यें थोड्या प्रमाणांत तयार करतें. वेदना, भय, विरह, अस्वस्थता यांची धार बोथट करणें हें त्यांचें काम. बाहेरून आलेलें हेरॉइन हींच स्थानें बळकावतें आणि शिवाय डोपामिन या द्रव्याचा पूर आणतें. डोपामिन म्हणजे 'हें पुन्हां कर' असें मेंदूस सांगणारा निरोप्या. अवधानन्यूनतेंतही याच डोपामिनच्या व्यवस्थेंत आणि कपाळामागील नियंत्रक भागाच्या कामांत फरक असल्याचें दिसतें. उशिरानें मिळणाऱ्या मोठ्या फळापेक्षां आतां मिळणारें लहान फळ ज्यास अधिक ओढतें, त्याच्यापुढें काहीं सेकंदांत सुख देणारा पदार्थ येऊन उभा राहिला, तर काय होणार हें सांगावयास नको. कांहीं आठवड्यांत शरीर सरावतें, मात्रा वाढते, आणि मग सुखाचा प्रश्न उरत नाहीं. शेवटच्या मात्रेनंतर आठ-बारा तासांत अंग मोडून येतें, नाका-डोळ्यांतून पाणी, ओकाऱ्या, जुलाब, झोंप नाहीं. व्यसनी लोक यास 'टर्की' म्हणतात. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिगेस पोंचते आणि आठवड्याभरांत ओसरते. केवळ ती टाळण्यासाठीं पुढची पुडी लागते.

अवधानन्यूनता असलेला प्रत्येक मनुष्य व्यसनी होतो असें मात्र मुळींच नाहीं. बहुसंख्य होत नाहींत. धोका इतरांपेक्षां अधिक असतो, इतकेंच. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत २९ अभ्यासांची एकत्र गणना केली असतां, दारू धरून सर्व प्रकारच्या व्यसनांच्या रुग्णांत अवधानन्यूनतेचें प्रमाण सुमारें २३ टक्के आढळलें. म्हणजे सामान्य प्रौढांत शंभरांत तीन, तर व्यसनाच्या रुग्णांत चारांत किंवा पांचांत एक. देशोदेशीं हा आंकडा पुष्कळ बदलतो, कारण तपासण्याची रीत निराळी आणि रुग्णही निराळे. अशा रुग्णांत व्यसनाची सुरुवात लवकर होते, एकाहून अधिक पदार्थांचें सेवन असतें, आणि उपचार मध्येंच सुटण्याचा संभव अधिक असतो, असेंही दिसून आलें आहे.

येथें एक उलटी चूक होण्याचा धोका आहे. गर्द ओढणारा मनुष्य गुंगींत असतांना त्याचें लक्ष नसतें. टर्कींत असतांना तो एका जागीं बसूं शकत नाहीं. व्यसन सोडल्यावरही कित्येक आठवडे त्यास झोंप नसते आणि मन लागत नाहीं. या अवस्थेंत त्याच्यापुढें प्रश्नावली ठेविली तर जवळजवळ प्रत्येक जण अवधानन्यूनतेचा रोगी ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानें तयार झालेली १८ प्रश्नांची एक यादी प्रचारांत आहे. तिच्यांतील पहिले ६ प्रश्न चाळणीसाठीं वापरतात. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. निदानाची किल्ली कालक्रमांत आहे. अस्वस्थता आधीं कीं गर्द आधीं? दहाव्या वर्षीं हा मुलगा कसा होता? व्यसन सुटलेलें असतांनाचे जे महिने गेले, त्यांतही हीच लक्षणें होतीं काय? घरीं आणि शाळेंत, दोन्हीं ठिकाणीं होतीं काय? डोक्यास मार, अपस्मार, विषण्णता, बालपणींचा मोठा आघात, यांपैकीं दुसरें कांहीं कारण नाहीं ना?

या प्रश्नांचीं उत्तरें प्रयोगशाळेंत मिळत नाहींत. रक्ताची कोणतीही तपासणी आणि मेंदूचें कोणतेंही छायाचित्र आज हें निदान करूं शकत नाहीं. उत्तरें मिळतात तीं आईच्या आठवणींत, थोरल्या बहिणीच्या बोलण्यांत, आणि ट्रंकेच्या तळाशीं पडलेल्या जुन्या प्रगतिपुस्तकांत. शिक्षकानें वीस वर्षांपूर्वीं कंटाळून लिहिलेला 'लक्ष देत नाहीं' हा शेरा या वेळीं वैद्यकीय पुराव्याच्या योग्यतेचा ठरतो. रुग्णास दवाखान्यांत नेतांना अशीं पुस्तकें सोबत नेणें आणि त्याचें बालपण पाहिलेल्या माणसानें बरोबर जाणें, ही घरच्यांच्या हातची मोठी मदत आहे.

उपचाराचा विचार करतांना पहिलें स्थान प्राणरक्षणाचें. अफूवर्गीय पदार्थांत मृत्यु येतो तो श्वास मंद होऊन थांबल्यामुळें. आणि हा धोका सर्वांत अधिक केव्हां असतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. कांहीं आठवडे गर्द सुटलें म्हणजे शरीराची सवय उतरते. त्यानंतर मोह होऊन मनुष्यानें पूर्वीचीच मात्रा घेतली तर तीच प्राणघातक ठरूं शकते. म्हणून उपचार अर्धवट सोडणें हें उपचार न घेण्याहूनही कधीं कधीं घातक असतें, आणि म्हणूनच उतावळ्या, विसराळू रुग्णास उपचारांत टिकवून धरणें ही जीवनमरणाची गोष्ट होते.

गर्दच्या जागीं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हें औषध वैद्याच्या देखरेखीखालीं दीर्घकाळ देण्याची पद्धत जगभर मान्य आहे, आणि भारतांतही सरकारी केंद्रांतून ती चालते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखालीं विरघळूं द्यावयाची असते. तिनें टर्की टळते, ओढ कमी होते, आणि मनुष्य कामावर जाऊं शकतो. 'एक नशा सोडून दुसरी धरली' असा आक्षेप यावर घेतात. परंतु दिवसांतून तीनदां पुडीच्या मागें धांवणारा मनुष्य आणि सकाळीं एक गोळी घेऊन कामावर जाणारा मनुष्य यांस एकाच तागडींत तोलणें न्यायाचें नाहीं. या उपचारानें मृत्यूचें प्रमाण घटतें, ही गोष्ट अनेक देशांत पुनःपुन्हां दिसून आली आहे.

महाराष्ट्रांत या कामाची एक मोठी परंपरा पुण्याच्या मुक्तांगण संस्थेनें निर्माण केली. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं, पु. ल. देशपांडे यांच्या साह्यानें, ती सुरू केली. अनिल अवचटांच्या 'गर्द' या पुस्तकानें या व्यसनाची भयानकता मराठी वाचकांपुढें मांडली होती. ठरलेल्या वेळीं उठणें, सामुदायिक काम, गटांत मोकळेपणानें बोलणें, व्यसनमुक्त झालेल्यांनींच नव्या रुग्णांस आधार देणें, असा बांधलेला दिनक्रम हा तेथील उपचाराचा कणा आहे. असा दिनक्रम अवधानन्यूनता असलेल्यास विशेष मानवतो. ज्याच्या आंत घड्याळ नाहीं, त्यास बाहेरचें घड्याळ मिळतें. अडचण येते ती तेथून घरीं परतल्यावर, जेव्हां घंटा वाजविणारें कोणी नसतें.

अवधानन्यूनतेवर स्वतंत्र औषधें आहेत. मेथिलफेनिडेट हें उत्तेजक औषध अमली पदार्थांच्या कायद्याच्या नियंत्रणाखालीं असून तें तज्ज्ञाच्या चिठ्ठीवांचून घेणें बेकायदा आहे. ॲटोमॉक्सेटिन हें उत्तेजक नसलेलें औषध सावकाश गुण देतें, पण त्याचा गैरवापर होण्याची भीति फार कमी. व्यसनी मनुष्यास उत्तेजक औषध देणें म्हणजे आगींत तेल, ही भीति साहजिक आहे. स्वीडनमधील मोठ्या नोंदींच्या अभ्यासांत असें औषध घेणाऱ्यांत व्यसन वाढलेलें दिसलें नाहीं, उलट कांहींसें कमीच दिसलें. पण औषधाकडून अवास्तव अपेक्षाही ठेवूं नये. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, मेथाडोनवर असलेल्या आणि अवधानन्यूनता असलेल्या रुग्णांस तीन गटांत विभागून औषध किंवा औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी देण्यांत आली. तिन्ही गटांत लक्षणें कमी झालीं, आणि खऱ्या औषधाचें श्रेष्ठत्व दिसलें नाहीं. तिन्ही गटांस समान मिळालें तें नियमित भेट, आस्थेनें केलेली चौकशी आणि समुपदेशन. २०१४ सालीं स्वीडनमध्यें तुरुंगांतून सुटणाऱ्या, ॲम्फेटामिनच्या व्यसनाच्या रुग्णांवर मोठ्या मात्रेचा प्रयोग झाला. त्यांत मात्र अवधान सुधारलें आणि व्यसनही कमी झालें. तात्पर्य, औषध हें साधन आहे. कोणास, केव्हां आणि किती द्यावें हें तज्ज्ञानें ठरवावयाचें, आणि दोन्हीं विकारांचा उपचार एकाच छताखालीं, एकमेकांची दखल घेऊन व्हावयाचा. आधीं व्यसन पूर्ण सोड, मग तुझ्या अवधानाकडे पाहूं, असें म्हणणें म्हणजे लंगड्यास आधीं डोंगर चढ, वर गेल्यावर कुबडी देऊं, असें सांगण्यासारखें आहे.

खरा पेंच उपचाराच्या व्यवस्थेंतच आहे. पर्यायी औषधाच्या केंद्रांत आरंभीं रुग्णानें रोज, ठरलेल्या वेळांत, स्वतः हजर व्हावें लागतें. रांगेंत थांबावें लागतें. कागद जपावे लागतात. पुढील भेटीची तारीख ध्यानांत ठेवावी लागते. म्हणजे जें करणें या रुग्णास सर्वांत कठीण, त्याचीच परीक्षा घेऊन त्यास औषध मिळतें! तुर्भ्याच्या बाजारांत पहांटे काम करणाऱ्यानें, किंवा लोकलनें खाडीपलीकडे जाणाऱ्यानें, चार दिवस पाळी चुकविली म्हणजे त्याच्या नांवापुढें 'सहकार्य करीत नाहीं' असा शेरा पडतो. शाळेंतील शेरा आणि हा शेरा यांत अंतर वीस वर्षांचें, पण अर्थ एकच. कायद्यांतही हाच पेंच आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणें, जो व्यसनी स्वेच्छेनें सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेंत उपचार घेतो, त्यास सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण मिळतें. मात्र उपचार पुरा न केल्यास हें संरक्षण काढून घेतां येतें. ज्याचा रोगच हातीं घेतलेलें काम पुरें होऊं देत नाहीं, त्याच्या डोक्यावर ही तलवार टांगलेली असते.

यावर उपाय महाग नाहींत. भेटीच्या आदल्या दिवशीं आणि त्याच दिवशीं सकाळीं फोन जावा. सूचना एका वेळीं एक, तोंडी आणि लेखी अशा दोन्हीं प्रकारांनीं द्यावी. समुपदेशनाची बैठक तासाची न ठेवतां वीस-पंचवीस मिनिटांची, पण वारंवार ठेवावी. चुकलेल्या पाळीबद्दल दंड करण्याऐवजीं ती कां चुकली हें विचारावें. घरच्यांपैकीं एकानें औषधाची वेळ सांभाळावी. पैसा एकरकमी हातांत न देतां आठवड्याचा हिशोब करून द्यावा. दिवसाचा क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. गजराचा उपयोग करावा. टोमणे मात्र कटाक्षानें टाळावेत. 'मनावर घे' हा उपदेश या मनुष्यानें हजारदां ऐकलेला असतो. मनावर घेण्याचें यंत्रच ज्याचें सैल आहे, त्यास त्या उपदेशापासून लाज तेवढी मिळते, आणि लाज वाटूं लागली कीं पाय पुन्हां पुडीकडे वळतात. रुग्णास चमत्काराच्या आशेनें बेकायदा केंद्रांत डांबून ठेवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें व्यसनासंबंधीच्या मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेंत घेतल्या आहेत; माणुसकीची वागणूक हा त्या रुग्णाचा हक्क आहे. सल्ल्यासाठीं सरकारनें विनामूल्य दूरध्वनि ठेविले आहेत: मानसिक आरोग्यासाठीं टेलि-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीं १४४४६.

शाळेचें कर्तव्य याहूनही आधीं सुरू होतें. वर्गांत लक्ष न देणारें प्रत्येक मूल रोगी नसतें. भूक, कमी ऐकूं येणें, कमी दिसणें, घरांतील कलह, अपुरी झोंप, यांनींही लक्ष उडतें, आणि तीं कारणें प्रथम पाहिलीं पाहिजेत. पण चांगली बुद्धि असून जें मूल वर्षानुवर्षें, घरीं आणि शाळेंत, सारखेंच अडखळतें, त्याच्या प्रगतिपुस्तकावर नुसता शेरा मारून भागत नाहीं. त्याच्या आईबापांस बोलावून बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविलें पाहिजे, त्यास पहिल्या बांकावर जागा दिली पाहिजे, काम लहान तुकड्यांत दिलें पाहिजे, आणि जें त्यास येतें त्याचें चार जणांत कौतुक केलें पाहिजे. आपण निकामी आहोंत ही समजूत ज्या मुलाच्या मनांत दहाव्या वर्षीं रुजली नाहीं, त्यास विसाव्या वर्षीं ती विसरविणाऱ्या पुडीची गरजही कमी भासते.

नवी मुंबईच्या वस्त्यांत आज जे तरुण गर्दच्या फेऱ्यांत सांपडले आहेत, त्यांपैकीं प्रत्येकास अवधानन्यूनता आहे असें समजणें चूक, आणि कोणासच नाहीं असें समजणें त्याहून मोठी चूक. कोणास आहे आणि कोणास नाहीं, हें विचारल्यावांचून कळणार नाहीं. उपचार सुरू होतांना प्रत्येक रुग्णास आणि त्याच्या आईस, 'हा लहानपणीं कसा होता?' एवढा एक प्रश्न विचारला जावा. त्यास पांच मिनिटें लागतात, खर्च कांहींच नाहीं. उत्तर ऐकून एखाद्या माणसास वयाच्या तिसाव्या वर्षीं प्रथमच असें कळतें कीं, आपल्या आयुष्यांतील एवढ्या पडझडीस एक नांव आहे आणि त्यावर उपायही आहे. त्या दिवसापासून त्याचें व्यसन सुटतें असें नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं पुन्हां दवाखान्याची पायरी चढण्यास त्यास एक कारण मिळतें.